मामांची ठासणी आणि हातकणंगल्याची निवडणूक

2024 च्या एप्रिलमध्ये मामांनी फोनवरून एक काम माझ्या गळ्यात घातलं. "तू वडगावात झेरॉक्सचं दुकान टाकून बसलाईस. दिवसभर लोकांची कागदं बघतोस. खासदारकीला जी उभी हाईत त्यातलं कोण बंदुकीबद्दल काय बोलतंय, तेवढं बघून सांग. घरातली सगळी मतं त्यालाच."

मामांचं गाव शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या अलीकडे. माझं पेठ वडगाव, हातकणंगले तालुक्यात. विधानसभेला आमचे मतदारसंघ वेगळे, पण लोकसभेला शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा मिळून एकच हातकणंगले मतदारसंघ होतो. म्हणजे मामांच्या मशिनवर आणि माझ्या मशिनवर नावं तीच. मी हो म्हणून बसलो. त्याआधी मी मतदान केलं नव्हतं असं नाही, पण तुलना करून कधीच नाही. गल्लीत ज्याचा जोर, तिकडं आमचं घर, एवढाच हिशेब.

मामांच्या बंदुकीबद्दल सांगायला हवं. ती आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. तिच्यात काडतूस जात नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी टाकायची, गजाने ठासायचं, मागं केप बसवायची आणि बार काढायचा. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत गवा वावर ओलांडून पलीकडं गेलेला असतो. परवाना शेतीसंरक्षणाचा आहे. गव्यावर नेम धरायचा नाही हे मामांना कायदा न वाचताही ठाऊक आहे, कारण गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो आणि त्याला मारलं तर किमान तीन वर्षांची कैद आहे. त्यामुळे बंदूक हवेत वाजवायची. सुतळी बॉम्ब, पत्र्याचे डबे, झटका मशीन हे सगळं करून झालं की शेवटी बार. मामी म्हणतात, "गवा आता बाराला बी भीत न्हाई, पण आमाला जरा झोप लागती."

आचारसंहिता लागली की ही बंदूक ठाण्यात जमा होते. 16 मार्चला निवडणूक जाहीर झाली, आमच्याकडं मतदान 7 मेला, मतमोजणी 4 जूनला. म्हणजे अख्खा उन्हाळा बंदूक पोलिसांच्या ताब्यात. आणि नेमक्या उन्हाळ्यात जंगलातले पाणवठे आटतात, जनावरं पाण्याला आणि हिरव्या चाऱ्याला खाली उतरतात. खाली हिरवं काय असतं, तर ऊस, मका आणि मामांचा उन्हाळी भुईमूग. मामांची तक्रार एका वाक्यात होती: "इलेक्शन माणसांचं, आणि तुरुंग माझ्या बंदुकीला."

मी दुकानातली एक लाँगबुक घेतली आणि रकाने आखले. आडवी नावं लिहिली: धैर्यशील माने, सत्यजित पाटील-सरूडकर, राजू शेट्टी, डी. सी. पाटील. यादी याहून बरीच लांब होती, पण ज्यांची चर्चा होती तेवढेच घेतले. उभे प्रश्न लिहिले: परवाना मिळणं सोपं व्हावं का? निवडणुकीत बंदूक जमा करावी का? रानडुकराचं काय? गव्याचं काय? मग माहिती शोधायला लागलो आणि सगळी अमेरिका समोर येऊन उभी राहिली.

तिथल्या मतदाराचं काम फारच सोपं दिसलं. 1791 पासून त्यांच्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. 2008 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचं सांगितलं. बंदूकवाल्यांची नॅशनल रायफल असोसिएशन उमेदवारांना शाळेतल्यासारखी श्रेणी देते, ए पासून एफ पर्यंत. बंदुकीच्या विरोधातल्या संघटनांच्या याद्या वेगळ्या. मतदाराने आपल्या राज्याचं नाव शोधायचं आणि तक्ता वाचायचा. मी दोन तास ते वाचत बसलो. टेक्सासमधल्या उमेदवारांची मतं मला कळली, पण रुकडीच्या मानेंच्या आणि सरूडच्या पाटलांच्या रकान्यात एक अक्षर पडलं नाही.

मग ठरवलं, थेट विचारू. प्रचाराचे दिवस होते. हँडबिलाच्या झेरॉक्स काढायला प्रत्येक पक्षाची पोरं दुकानात येत होती. एकाला विचारलं, "बंदुकीच्या परवान्याबद्दल साहेबांची भूमिका काय?" त्याने इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कुणी धमकी दिल्या काय रं तुला?" दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता जास्त जाणता होता. तो म्हणाला, "लायसन पाहिजे व्हय? निकाल लागू दे, साहेबांना फोन लावाय लावतो." कोणता कोणाचा हे सांगत नाही, कारण ही उत्तरं अदलाबदल झाली असती तरी मला नवल वाटलं नसतं. आपल्याकडं बंदूक म्हटलं की एक तर भीती, नाही तर शिफारस.

सभाही ऐकल्या. जे बोललं जात होतं ते सगळं खरंच महत्त्वाचं होतं. ऊसदर, पंचगंगेचं प्रदूषण, इचलकरंजीचं पाणी, शक्तिपीठ महामार्ग. पण मी ऐकलेल्या भाषणांत ठासणी सोडाच, गवासुद्धा आला नाही. याचं मला वाईट वाटलं, कारण हा मतदारसंघ नुसत्या ऊसपट्ट्याचा नाही. शाहूवाडी आणि शिराळ्याला चांदोलीचं जंगल लागून आहे. 2021 च्या डिसेंबरात गवा पार कोल्हापूर शहराच्या वेशीवर आला होता आणि जवळच्या भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला. तेव्हा जिल्हाभर चर्चा होती. निवडणुकीत नव्हती.

लाँगबुक रिकामी ती रिकामीच. शेवटी वडगाव कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या ओळखीच्या वकीलसाहेबांकडं ती घेऊन गेलो. त्यांनी तक्ता बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हा हक्क कुणी देतो म्हटला तरी त्याला विचार, कुठून देणार?"

पुढचा तासभर जे ऐकलं त्याने मी आणखी गोंधळलो, पण त्या गोंधळाला निदान आकार आला. आपल्याकडं शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. होऊ शकला असता, हे ऐकून मी चकित झालो. इंग्रजांनी 1878 मध्ये शस्त्र कायदा आणून हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्यात अडकवलं, तो राग काँग्रेसला इतका होता की 1931 च्या कराची अधिवेशनातल्या हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क घातला होता. पण 1948 च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत आणायची दुरुस्ती मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, असा त्यांच्या उत्तराचा एक रोख होता. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 चा. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात अमेरिकेशी तुलना करूनच सांगितलं की तसा हक्क आपल्या घटनेत नाही.

सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी ज्या वडगावात आहे, तिथं बसून हे ऐकताना जरा विचित्र वाटलं, हे खरं.

"मग मामांचा परवाना म्हणजे सरकारची मेहेरबानी?" मी विचारलं.

"अजिबात न्हाई," वकीलसाहेब म्हणाले आणि कायद्याचं पुस्तक काढलं. 1959 च्या कायद्याचं कलम 13. बहुतेक शस्त्रांसाठी अर्जदाराने सबळ कारण आहे हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. पण त्यात एक वेगळं पोटकलम आहे: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यायचा आहे. नाकारायचा तर कलम 14 मधली कारणं लागतात आणि ती लेखी नोंदवावी लागतात. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. पिस्तूल नाही, रायफल नाही, चक्क मामांच्या ठासणीचा उल्लेख देशाच्या कायद्यात! हे मामांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग दर येळी मलाच का हात जोडाय लागत्यात?"

वकीलसाहेबांनी माझ्या तक्त्याचं मुळातलं दुखणंही दाखवलं. शस्त्र, दारूगोळा आणि स्फोटकं हा विषय घटनेच्या केंद्र सूचीत पाचव्या क्रमांकाला आहे. कायदा बदलायचा तर संसदेत. परवाना द्यायचा तर जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, पोलिसांचा अहवाल घेऊन. रानडुक्कर मारायची परवानगी द्यायची तर वन विभाग. पिकाची नुकसानभरपाईही वन विभागाकडून, म्हणजे राज्याकडून. "तू सगळ्यांना सगळं विचारतोयस," ते म्हणाले. "खासदाराला खासदाराचं विचार."

मग खासदाराचं काय, तेही त्यांनीच सांगितलं. 2019 च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आधी एका माणसाला तीन परवानाधारक बंदुका ठेवता येत. सरकारने आणलेल्या विधेयकात ती संख्या एकावर आणायची होती. काही खासदारांनी विरोध केला, वाडवडिलांच्या बंदुकांचं काय, गावाकडं संरक्षणाचं काय, असे प्रश्न आले आणि शेवटी मर्यादा दोनवर थांबली. परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. लग्नात, मिरवणुकीत हौसेने बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, हेही त्यातच आलं. म्हणजे खासदार बोलले तर बंदुकीचा आकडा बदलतो, हे निदान एकदा तरी घडलेलं आहे. पण आपल्या खासदाराने त्या दिवशी काय केलं हे शोधायला गेलं की हाती फार लागत नाही. संसदेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. हो म्हणणारे जास्त की नाही म्हणणारे, एवढंच अध्यक्ष ठरवतात, कोण कुठं होतं याची नावनिशी राहत नाही. त्यावर पक्षाचा व्हिप असतो तो वेगळाच. अमेरिकेतल्यासारखी श्रेणी द्यायची तर कशावरून देणार?

एक गोष्ट मात्र प्रत्येक उमेदवाराची लेखी सापडते, ती म्हणजे नमुना 26 मधलं शपथपत्र. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही बघता येतं. मी आयुष्यात पहिल्यांदा उमेदवारांची शपथपत्रं पानापानाने वाचली. कोणाकडं किती सोनं, कोणाच्या नावावर कोणता ट्रॅक्टर, हे वाचताना शेजाऱ्याच्या कपाटात डोकावल्यासारखं वाटत होतं, पण मी नेटाने पुढं गेलो. बंदुकीचं दोन ठिकाणी बघायचं. एक, गुन्ह्यांच्या रकान्यात शस्त्र कायद्याची कलमं आहेत का. कलम 25 हे त्यातलं नेहमीचं, विनापरवाना शस्त्र बाळगण्याचं. दोन, जंगम मालमत्तेत बंदूक दाखवलेली आहे का. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी 2022 च्या शपथपत्रात एक लाखाचं रिव्हॉल्व्हर आणि 80 हजारांची रायफल दाखवली होती, ती बातमी मी तेव्हा गंमत म्हणून वाचली होती. आता तिचा उपयोग कळला. ज्याच्याकडं स्वतःचा परवाना आहे त्याला निदान नूतनीकरणाची रांग माहीत असते. अर्थात बंदूक असणं ही भूमिका नव्हे, हेही खरं.

आता जमा करण्याचा प्रश्न, ज्यापायी हे सगळं सुरू झालं. मामा आणि त्यांच्या गावातले सगळे परवानेवाले असं धरून चालतात की आचारसंहिता लागली की बंदूक द्यायचीच. तसं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर निवडणूक आयोगाने 2009 मध्ये सूचना काढल्या. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या समितीने परवान्यांची छाननी करायची. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत आणि त्यातही निवडणुकीच्या दंगलीत सापडलेले, अशांच्या परवान्यांकडं आधी बघायचं. ज्याची बंदूक जमा करणं गरजेचं वाटेल त्याला तशी नोटीस द्यायची. बँकेच्या सुरक्षारक्षकांना आणि स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांना सवलत असते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि 2024 मध्येच पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ज्या जिल्ह्यातले, तिथं ही सवलत फुकट जाणारी नाही.

मामांवर आयुष्यात एकही गुन्हा नाही. बांधावरून भावकीशी झालेलं भांडणसुद्धा त्यांनी पंचांत मिटवलं. त्यांनी समितीकडं अर्ज करायला काय हरकत होती? मी अर्ज लिहिला, पीक कोणतं, गट नंबर कोणता, मागच्या वर्षीचा वन विभागाचा पंचनामा कोणता, सगळं जोडलं. पण तोवर एप्रिल सरत आला होता आणि बंदूक कधीच ठाण्यात जाऊन बसली होती. ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज घेतला, पोचही दिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्हाताऱ्याला सांगा, ह्या बारीला ऱ्हाऊ दे. पुढच्या बारीला आधी या."

मामांना माझा अहवाल दिला तो असा: बंदुकीबद्दल कोणीच काही बोललेलं नाही. खासदाराकडून हवं असेल तर दिल्लीतला कायदा. सत्यजित पाटील-सरूडकर तुमच्या शाहूवाडीचे माजी आमदार, गवा त्यांना सांगायला लागणार नाही. राजू शेट्टी दहा वर्षं खासदार होते आणि शेतकऱ्यांचंच बोलतात. धैर्यशील माने विद्यमान खासदार. त्यापुढं तुमचं तुम्ही ठरवा. मामांनी काय ठरवलं ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. 4 जूनला माने साडेतेरा हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले. पाच वर्षांनी होणाऱ्या निवडणुकीत एवढंच अंतर राहिलं असेल, तर परवानेवाल्या आणि गव्याने नाडलेल्या घरांची मतं मोजण्यासारखी आहेत, असं मला वाटतं. पण ती एकत्र कोणी मागितलीच नाहीत.

नोव्हेंबरात विधानसभा आली तेव्हा मी तीच लाँगबुक काढली, पण प्रश्न बदलले. आमदाराला बंदुकीच्या कायद्याबद्दल विचारलंच नाही. विचारायचं ते हे: पिकाच्या नुकसानीचा पंचनामा किती दिवसांत व्हावा, भरपाई कधी मिळावी, रानडुकराच्या परवानगीचा अर्ज रेंजरच्या टेबलावर किती दिवस पडावा. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर त्याला मारायची परवानगी वन विभागाचा अधिकारी देऊ शकतो. केरळने त्याच वर्षी हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला. तिथं पंचायत अध्यक्ष अशी परवानगी देऊ शकतो. आपल्याकडं असं करायला तयार आहात का, हा प्रश्न मला आमदारकीच्या उमेदवाराला विचारण्यासारखा सगळ्यात मोलाचा वाटतो. उत्तर नाही असलं तरी चालेल, पण उत्तर हवं. शेजारच्या कर्नाटकात कोडगूच्या कोडव लोकांना शस्त्र परवान्यातून चालत आलेली सूट आहे आणि केंद्राने ती 2029 पर्यंत वाढवली आहे. म्हणजे मागणाऱ्यांनी एकत्र मागितलं की मिळतं, असं मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "आमाला सूट नगं. गव्याचा बंदोबस्त करा, बंदूक मीच नेऊन देतो ठाण्यात, कायमची."

हे वाक्य मी लाँगबुकात उमेदवारांच्या रकान्याखाली मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे. माझा सगळा तक्ता चुकीच्या प्रश्नावर उभा होता असं आता कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. बंदूक हे औषध, दुखणं दुसरंच. पण औषध कोण देतो आणि कोण काढून घेतो हे विचारल्याशिवाय दुखण्यापर्यंत पोचलो नसतो.

तर ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाचा परवाना आहे त्यांना माझी विनंती आहे. नोटीस यायची वाट बघू नका. निवडणूक जाहीर झाली की त्याच आठवड्यात छाननी समितीच्या नावे लेखी अर्ज द्या, सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे जोडा आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून किंवा कचेरीतून उठू नका. आणि दारात प्रचाराला कोणी आलं, तर खासदाराला कायद्याचं, आमदाराला वन खात्याचं, जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला पंचायतीच्या अधिकाराचं विचारा, आणि तो जे सांगेल ते त्याच्यासमोर तारीख घालून वहीत उतरवा.